हरलेलं मत

शनिवारी मास्तर खडूला हात लावत नसत. आमच्या हायस्कूलला शनिवारी सकाळची शाळा असे आणि ते गणित शिकवत, त्यामुळे शनिवारचं गणित तोंडी. वर्गात येत, टेबलाला टेकून उभे राहत, डोळे मिटत आणि म्हणत, "एका हौदाला दोन नळ आहेत." मग तो हौद, ते नळ, कुठल्या नळानं किती वेळात भरतो ते सगळं मुलांनी डोक्यात धरून ठेवायचं. फळा कोरा राही. तास संपला की मुलांचे चेहरे ओझं वाहून आल्यासारखे दिसत.

ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. अलिबागकडचे. शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी लिहायचं नाही. "मग शाळेत येता ते कसं चालतं?" असं मी नवी असताना विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, मी चालत येतो, बोलतो आणि चालत घरी जातो. यात काम कुठलं?" हेडमास्तर म्हणत, की हे वाक्य पगारवाढीच्या अर्जाला जोडून ठेवायला हवं.

निवृत्त झाल्यावर मास्तर मुंबईला पुतण्याकडे गेले, ते मे महिन्यात तिथेच वारले. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी जी प्रार्थना म्हणतात तिला दहा पुरुष लागतात. पत्नी वारली तेव्हा नगरमध्ये त्यांच्या लोकांपैकी दहा जमले नव्हते. छावणीतले, रेल्वेतले, इरिगेशनमधले मिळूनही संख्या भरेना. तेव्हा वर्षभर त्यांनी तिच्या नावानं रोज थोडा अभ्यास केला. "दहा नसले तर अभ्यास चालतो," असं मला सांगितलं होतं. मी तर त्या दहांत कधीच धरली जाणार नाही. म्हणून हे रोज थोडंथोडं लिहिते आहे. याला अभ्यास म्हणता येईल की नाही, हे विचारायला आता तेच नाहीत.

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एका अत्तरवाल्या हाजींच्या माडीवर ते राहत. जिना चढताना गुलाबाचा वास आणि वर गेल्यावर जुन्या कागदाचा. पुस्तकं फार नव्हती, पण त्यातलं एक मी तासन् तास बघत बसे. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पानाच्या मधोमध थोडासा मजकूर आणि त्याच्या चारी बाजूंनी बारीक अक्षरांची दाटी. "मधला मूळ, आणि भोवतीचे भांडतायत," मास्तर सांगत. हे वाचायला ते तरुणपणी मुंबईत एका बगदादी ज्यू म्हाताऱ्याजवळ शिकले होते. तो म्हातारा हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांवर असा चिडे, की जणू ते शेजारच्या खोलीत बसलेत. मास्तरांनाही ती सवय लागली होती. "हा असं म्हणतो, आणि तो याला म्हणतो की तुला कळलेलं नाही," असं सांगताना ते पानाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर बोट नेत. कुणी मेलेलं आहे असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतच नसे.

एकदा त्यांचा चष्मा फुटला. मी काही कामानं गेले तर खिडकीपाशी पुस्तक उघडं ठेवून नुसते बसलेले. दर आठवड्याला धर्मग्रंथाचा एक भाग वाचायचा, वर्षभरात ग्रंथ संपवायचा आणि संपला त्याच दिवशी परत पहिल्या ओळीपासून सुरू करायचा, असा त्यांचा नेम होता.

"मास्तर, तुम्हाला तर हे सगळं पाठ आहे."

"म्हणूनच भीती. पाठ असलेलं माणूस हळूहळू आपल्या मनासारखं म्हणायला लागतो. लिहिलेलं आहे ते डोळ्यांनी बघूनच वाचायचं."

"आणि पाठ केलेलं?"

"जे तोंडी आलंय ते तोंडीच. त्याला कागदात बघायचं नाही. आमचे वाद कितीतरी पिढ्या नुसते तोंडावर होते. पुढे विसरायची भीती वाटली म्हणून लिहिले. पण भांडताना अजून आवाज लागतोच." त्यांनी पुस्तक मिटलं, त्याला ओठ लावले आणि म्हणाले, "आता चहा करा. मला दिसत नाही, साखर जास्त पडेल."

आता ज्या गोष्टीसाठी मी त्यांची ऋणी आहे ती सांगते.

लग्नानंतर वर्षाच्या आत माझे यजमान गेले. वडिलांनी मला माहेरी आणलं, स्वतः संस्कृत शिकवलं, पुढे पुण्याला पाठवून बी.ए. केलं, आणि मला नोकरी लागण्याआधीच तेही गेले. मॅट्रिकच्या वर्गाला संस्कृत शिकवायचं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. वडिलांनी दिलेलं कुठेतरी पोचवायचं होतं. नगरच्या या शाळेत मला घेतलं ते खालच्या वर्गांना मराठी आणि मुलींना शिवण शिकवायला. संस्कृत शास्त्रीबुवांकडे होतं. ते पुणतांब्याचे, पिढ्यान् पिढ्या गोदाकाठी पौरोहित्य करणाऱ्या घरातले. विद्वान, तपकिरीचे शौकीन, आणि स्वभावानं वाईट मुळीच नव्हते. वर्ग वाढले, दुसऱ्या संस्कृत शिक्षकाची गरज पडली, तेव्हा मी अर्ज केला.

दुसऱ्या मोठ्या लढाईची पहिली वर्षं ती. शिक्षकांची सभा दर महिन्याला हेडमास्तरांच्या खोलीत भरे. माझा अर्ज निघाला तेव्हा शास्त्रीबुवा बोलायला उभे राहिले, पण त्यांना बोलणं जमेना. "म्हणजे, तसं नव्हे, बाई हुशार आहेत, परंतु," असं दोनदा झालं. तेव्हा मास्तर उठले.

"शास्त्रीबुवांचं म्हणणं मी मांडतो. चुकलं तर त्यांनी थांबवावं. मुलांचा विश्वास शिकवणाऱ्याच्या आवाजावर बसावा लागतो. आपल्या गावाला बाईच्या तोंडून संस्कृत ऐकायची सवय नाही. सवय लावण्याचा प्रयोग मॅट्रिकच्या मुलांवर करू नये, कारण प्रयोग फसला तर वर्ष त्यांचं जाईल. हेच ना?"

"अगदी हेच," शास्त्रीबुवा म्हणाले. आपण इतकं चांगलं बोलू शकतो याचं त्यांना नवल वाटलेलं दिसत होतं.

"आता माझं. विश्वास सवयीनं बसतो, पण सवय कुणीतरी सुरू केल्याशिवाय लागत नाही. बाईंना संस्कृत पुरेसं येतं का, एवढाच प्रश्न आपण विचारायला हवा होता. तो कुणी विचारलेला नाही."

हात वर झाले. सगळे एका बाजूला आणि मास्तरांचा एकट्याचा दुसऱ्या. बाईंनी वरच्या वर्गांना संस्कृत शिकवू नये असा ठराव झाला. मी शिवणाच्या कापडाची घडी मांडीवर ठेवून बसले होते. ती मी किती वेळा घातली आणि मोडली, ते आठवत नाही.

"माझं विरुद्ध मत ठरावाखाली लिहा," मास्तर म्हणाले.

"इथे ठराव लिहितात, वाद नाही," हेडमास्तर म्हणाले.

"मग तोंडी ठेवतो."

कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. पुढच्या महिन्यात मागच्या सभेचा वृत्तांत वाचून झाला, आणि तो मंजूर असं हेडमास्तर म्हणणार तोच मास्तर उभे राहिले. "मागे झालेल्या एका ठरावाला विरुद्ध मत होतं. ते असं." मग आधी शास्त्रीबुवांचं म्हणणं, जसंच्या तसं. नंतर स्वतःचं. शेवटी, "ठराव शास्त्रीबुवांच्या म्हणण्याप्रमाणे झाला. ठराव मला मान्य आहे. मत मान्य नाही." आणि खाली बसले.

त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. मग दर महिन्याला तेच. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. हेडमास्तर पहिल्यांदा रागावले, मग हसले, मग त्यांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. आमचा शिपाई घोडेगावचा होता. सभेचा चहा मास्तरांच्या या भाषणानंतर येतो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो दारातून डोकावून म्हणू लागला, "म्हना मास्तर एकदाचं, आधन उकळाया लागलंय." गावाकडच्या बाजारात बैल घेताना त्यानं व्यापाऱ्याला सांगितलं म्हणे, "भाव मान्य हाय, मत मान्य न्हाई." व्यापारी घाबरून थोडा खाली आला.

शास्त्रीबुवांनी एकदा मास्तरांना म्हटलं, "यात नवं काय? आमच्याकडे पूर्वपक्ष असतोच. आधी समोरच्याचं, मग आपलं."

"फरक आहे, बुवा. तुम्ही पूर्वपक्ष मांडता तो पाडायला. पाडला की त्याचं काम संपलं. आमच्यात हरलेलं मत जिंकलेल्याच्या शेजारीच ठेवतात. पुढे कधीतरी दुसऱ्या सभेला त्याची गरज पडेल म्हणून."

"आणि नाही पडली तर?"

"तर निदान सगळ्यांना कळेल, की या प्रश्नावर कुणीतरी विचार केला होता."

त्यांच्या घरी वर्षातून एकदा मलिदा होई. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ आणि फळं ताटात रचून प्रार्थना करत आणि वाटत. शास्त्रीबुवा त्यातलं फक्त केळं घेत, सोलून खात आणि साल खिशात घालून नेत. दोघांनी एकमेकांना कधी बदलायचा प्रयत्न केल्याचं मी पाहिलं नाही.

एका हिवाळ्यात शास्त्रीबुवा आजारी पडले. मॅट्रिकचा संस्कृतचा तास रोज रिकामा जायला लागला. मुलं मैदानात हिंडत. परीक्षा जवळ आली होती. एके दिवशी मी पुस्तक घेतलं आणि त्या वर्गाकडे निघाले. हेडमास्तर कचेरीत होते, कुणी विचारलं नसतं. व्हरांड्यात मास्तर समोरून आले, माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि दाराच्या मधोमध उभे राहिले.

"नाही, बाई."

"तुम्हीच तर म्हणता, मला शिकवू द्यावं म्हणून."

"मी म्हणतो. सभा म्हणत नाही."

"मुलांचं नुकसान होतंय."

"होतंय. हेडमास्तरांकडे चला, मी बरोबर येतो. ठराव बदलून मागू. पण मागच्या दारानं जायचं नाही. आज मला पटत नाही म्हणून मी ठराव मोडला, तर उद्या माझ्या बाजूनं झालेला ठराव कोण पाळणार?"

आम्ही गेलो. हेडमास्तर नाही म्हणाले. संध्याकाळी मी मास्तरांच्या माडीवर गेले ती भांडायलाच. त्यांनी मला बसू दिलं आणि एक गोष्ट सांगितली. त्यांच्यात महिना चंद्र बघून ठरतो. फार पूर्वी एका पंडिताचा हिशेब सभेच्या प्रमुखापेक्षा एका दिवसानं वेगळा आला, आणि तो महिना वर्षातल्या सर्वांत मोठ्या उपासाचा होता. प्रमुखानं निरोप पाठवला, की तुझ्या हिशेबानं ज्या दिवशी उपास येतो, त्या दिवशी हातात काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे चालत ये. म्हणजे तुझा पवित्र दिवस सगळ्यांदेखत तूच मोड.

"मग?"

"गेला. काठी, पिशवी घेऊन गेला. प्रमुख उठून उभा राहिला आणि त्यानं याच्या कपाळाचं चुंबन घेतलं."

"पण याचा हिशेब बरोबर असेल तर?"

"असेलही. पण एकानं एका दिवशी आणि दुसऱ्यानं दुसऱ्या दिवशी केला तर त्याला उपास म्हणत नाहीत. सगळ्यांनी मिळून केला तर उपास."

"आणि त्याचं मत? ते तर मेलंच."

"मेलं असतं तर मी तुम्हाला आज कसं सांगितलं असतं?"

मी म्हटलं, "मास्तर, त्या पंडिताचा एक दिवस गेला. माझी वर्षं चालली आहेत."

ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "हे खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून तर दर महिन्याला उभा राहतो. तुम्ही कंटाळू नका, एवढंच सांगू शकतो."

मी कंटाळले होते. सभेत त्यांचं ते पाठ केलेलं बोलणं ऐकताना मला कधीकधी लाजल्यासारखं होई. सगळ्यांदेखत माझी जखम कुणीतरी दर महिन्याला उघडून, धुऊन, परत बांधत होतं. पण ती चिघळली नाही, हे आज कळतं. ठराव होऊन गेला, सगळे विसरले आणि मी जन्मभर शिवण शिकवत राहिले, असं सहज होऊ शकलं असतं. ते विसरणं मास्तरांनी होऊ दिलं नाही.

लढाई संपली त्या सुमारास जुने हेडमास्तर निवृत्त झाले आणि बाहेरगावचे नवे आले. त्यांच्या पहिल्या सभेला मास्तर नव्हते. हिवतापानं अंथरुणात होते. वृत्तांत वाचून झाला. मास्तर उठायची नेहमीची जागा आली. नव्या हेडमास्तरांना कळेना, की सगळे कशाची वाट बघतायत. मी मान खाली घातली. आता हे संपलं, असं मनात आलं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शास्त्रीबुवा उभे होते. त्यांनी तपकिरीची डबी खिशात ठेवली, उपरणं सारखं केलं.

"मास्तर आजारी आहेत. मागे झालेल्या एका ठरावाला त्यांचं विरुद्ध मत आहे. ते राहून जायला नको. ते असं."

आणि त्यांनी म्हटलं. आधी स्वतःचं म्हणणं, मास्तरांच्या शब्दांत. मग मास्तरांचं. वेदपठणाची सवय असलेला तो आवाज, त्यामुळे माझ्या बाजूचे शब्द इतके खणखणीत मी कधीच ऐकले नव्हते. "बाईंना संस्कृत पुरेसं येतं का, एवढाच प्रश्न आपण विचारायला हवा होता. तो कुणी विचारलेला नाही."

"अजून नाही विचारला?" नव्या हेडमास्तरांनी विचारलं.

सगळे शास्त्रीबुवांकडे बघू लागले.

"मग शास्त्रीबुवा, तुम्हीच विचारा."

शास्त्रीबुवांनी विचारलं. तिथेच, सगळ्यांसमोर. एका श्लोकाचा अन्वय, मग त्यावरच्या टीकेतली एक अडचण, मग त्या अडचणीवरची दुसरी. वडिलांनी शिकवलेलं जागच्या जागी होतं. दुसऱ्या अडचणीचं माझं उत्तर ऐकून त्यांनी डबी बाहेर काढली, चिमूट घेतली आणि म्हणाले, "पुरेसं येतं. पुरेशाहून थोडं जास्तच येतं. मात्र माझं मत तेच आहे. गावाला सवय नाही."

परत हात वर झाले. या वेळी शास्त्रीबुवांचा हात एकटा पडला. मॅट्रिकची एक तुकडी मला मिळाली.

बाहेर आल्यावर मी त्यांना नमस्कार केला. ते गडबडले. "मला कशाला? मी तुमच्या विरुद्ध होतो. इतकी वर्षं माझी बाजू त्यांनी माझ्यापेक्षा चांगली मांडली, एक दिवस त्यांची मी मांडली. जा, त्यांना सांगून या."

मी जवळजवळ धावतच माडीवर गेले. मास्तर घोंगडी पांघरून पडले होते. सगळं ऐकलं. डोळे मिटलेले होते, शनिवारी हौदाचं गणित सांगताना मिटत तसे. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील.

"बुवांनी मत बदललं?"

"नाही."

"मग आता त्यांचं हरलं," ते म्हणाले. "पुढच्या सभेला मला जायलाच हवं."

आणि गेले. अंगात कणकण असताना, मफलर गुंडाळून. वृत्तांत संपल्यावर उभे राहिले. "मागच्या ठरावाला विरुद्ध मत होतं, शास्त्रीबुवांचं. ते असं."

शास्त्रीबुवा लाजले. "मास्तर, पुरे आता."

"मत मागे घेताय?"

"छे."

"मग बसा."

तेव्हापासून दर महिन्याला, मी मॅट्रिकला संस्कृत का शिकवू नये हे मास्तर उभे राहून सांगत आणि मी समोर बसून ऐके. पहिल्यांदा राग आला. पण वर्गावर गेले तेव्हा त्याचा उपयोग कळला. मागच्या बाकांवर पहिल्याच दिवशी हसू फुटलं. मला धक्का बसला नाही. विश्वास कुठे कमी पडेल, सवय कुठे आड येईल, हे मला तोपर्यंत पाठ झालेलं होतं. मी तिथेच आधी भर घातली, तिथेच आवाज लावला. दिवाळीपर्यंत हसू थांबलं. शास्त्रीबुवांच्या हरलेल्या मतानं मला शिकवायला शिकवलं, असं म्हटलं तर ते खोटं नाही. ते पुणतांब्याला परत गेले, पुढे तिथेच वारले, तरी मास्तर म्हणत, "शास्त्रीबुवांचं म्हणणं असं आहे."

यंदा एप्रिलमध्ये मास्तर निवृत्त झाले. स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. सामानात पुस्तकांची एकच ट्रंक होती आणि ती त्यांनी हमालाला दिली नाही. गाडी सुटेपर्यंत ते फलाटावरच्या गर्दीबद्दल बोलत राहिले. सभेबद्दल अक्षरही नाही. मला थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं.

परवा जूनमधली पहिली सभा झाली. वृत्तांत वाचून संपला. ती जागा आली. मास्तर नाहीत, शास्त्रीबुवा नाहीत. नव्यानं आलेले दोघे तरुण शिक्षक आपसात काही कुजबुजत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्यातला एक तर माझ्याकडेच मॅट्रिकचं संस्कृत शिकलेला आहे. हेडमास्तरांनी लेखणी उचलली आणि परत खाली ठेवली.

दारात शिपाई उभा होता. आता त्याचे केस पिकले आहेत.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "म्हना की. आधन उकळाया लागलंय."

मी उठले. हातात कागद नव्हता.

"मी मॅट्रिकला संस्कृत शिकवते, त्या ठरावाला विरुद्ध मत आहे," मी म्हटलं. "ते शास्त्रीबुवांचं आहे. ते असं."

मुलांचा विश्वास, गावाची सवय, मुलांचं वर्ष, सगळं म्हटलं. एकही शब्द गाळला नाही आणि आवाज बारीक केला नाही. मग मास्तरांचं म्हटलं. ते म्हणताना मात्र मध्ये थांबावं लागलं. कुणी घाई केली नाही.

खाली बसले तेव्हा चहा आला.